लगद्याचा आकडा आणि धाराशिवचे बांध

लाकडी लगद्याच्या आयातमूल्याची तुलना केली, तर भारताचा आकडा बांगलादेशच्या कितीतरी पट मोठा दिसतो. एवढ्यावरून बांगलादेश अधिक स्वयंपूर्ण आहे असे कोणी उघडपणे म्हणणार नाही. मात्र ‘आयात वाढली, म्हणजे देशात लाकूड कमी पडते, म्हणजे शेतात लगद्याची झाडे लावा’ हा युक्तिवाद त्याच तर्कावर उभा असतो आणि तो सहज खपतो.

आयातमूल्य हा प्रमाण, डॉलरमधली किंमत आणि विनिमय दर यांचा गुणाकार आहे. समजा, एका टनाची किंमत 600 डॉलरवरून 900 वर गेली आणि डॉलर 75 रुपयांवरून 82 वर. तर एक टनही जास्त न आणता रुपयांतले मूल्य 45,000 वरून 73,800 होते, म्हणजे 64 टक्के वाढ. 2021-22 मध्ये लगद्याचे जागतिक भाव चढले आणि 2023 मध्ये उतरले, तेव्हा केवळ मूल्याचा आलेख पाहणाऱ्याला टंचाई आली आणि ओसरली असे वाटले असते. शिवाय भारताचे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, बांगलादेशचे जुलैला. भाव झपाट्याने बदलत असताना तीन महिन्यांचा हा फरक किरकोळ राहत नाही.

याहून खोल अडचण वर्गीकरणाची आहे. भारत व्हिस्कोससाठी लागणारा शुद्ध सेल्युलोजचा लगदा आयात करतो, कारण नागदा, हरिहर येथे त्याचे तंतू बनवणारे कारखाने आहेत. बांगलादेशचा वस्त्रोद्योग मुख्यतः तयार तंतू किंवा सूतच आणतो. झाड तेच, पण सीमाशुल्काच्या सारणीत एकाची नोंद प्रकरण 47 मध्ये होते, तर दुसऱ्याची वस्त्रतंतूंच्या प्रकरणात. सुंदरबनातल्या गेवा लाकडावर चालणारी खुलन्याची न्यूजप्रिंट गिरणी 2002 मध्ये बंद झाली. अशी गिरणी गेली की लगद्याची गरज तयार कागदाच्या आयातीत सरकते. लहान आकडा कधीकधी फक्त उद्योग नसल्याची खूण असतो.

झाडे लावण्याचा तो सल्ला धाराशिव जिल्ह्याला लावून पाहिला, तर तिथे लगद्याचा एक कच्चा माल आधीच आहे: उसाचा चोथा, म्हणजे बगॅस. गाळलेल्या 100 टन उसामागे साधारण 28 ते 30 टन बगॅस निघतो; त्यात जवळपास निम्मे पाणी. तो पट्ट्यावरून थेट बॉयलरकडे जातो, कारण साखर कारखान्याला वाफ हवी असते आणि सहवीजनिर्मिती असेल तर उरलेली वीज विकताही येते. तमिळनाडूत टीएनपीएल या कागद कंपनीने कारखान्यांना इंधन किंवा वाफ पुरवून बदल्यात बगॅस घेण्याची व्यवस्था बसवली. ती इथे जशीच्या तशी चालेल असे नाही. हंगाम चार-पाच महिन्यांचा, त्यामुळे माल वर्षभर ओला साठवावा लागतो. त्यातला भुसकट गाभा वेगळा काढावा लागतो. आणि तंतू आखूड असल्याने बळकट कागदासाठी लांब तंतूंचा लगदा मिसळावाच लागतो. थोडक्यात, बगॅस वापरला तरी आयात शून्य होणार नाही. लाकडाऐवजी बगॅसचा लगदा आयात केला, तर त्याची नोंदही वेगळ्या शीर्षकाखाली, 4706 मध्ये होते.

असे असता केवळ मूल्याच्या आलेखावरून तुळजापूर-भूम-परंड्याच्या बांधांवर सुबाभूळ किंवा निलगिरी सुचवणे धोक्याचे आहे. पाऊस बेभरवशाचा, विहिरी उन्हाळ्यात तळाला. आणि बल्लारपूर, दांडेली, भद्राचलम ही लगद्याची केंद्रे शेकडो किलोमीटर दूर. लाकूड जड आणि टनामागे स्वस्त, म्हणून वाहतूक भावातला मोठा वाटा खाते. वर भाव ठरतो डॉलरवर, तोडणी होते तीन-चार वर्षांनी. सोयाबीनचा भाव पडला तर शेतकरी पुढच्या खरिपात पीक बदलू शकतो. सुबाभूळ तोडली तरी बुंध्याला फुटवे येतात, शेंगांमधले बी शेजारच्या रानात उगवते, आणि ती मोडून काढण्याचा खर्च कुठल्याच आयात-सारणीत येत नाही.