खालच्या पायरीवरचा माणूस

टेम्पोवाल्याला फोन लावला की आपला पहिला प्रश्न ठरलेला, "किती घ्याल?" त्याचाही ठरलेला, "सामान काय काय आहे?" यावर आपण जे उत्तर देतो त्यातच पुढच्या सगळ्या भानगडींचं मूळ असतं. "विशेष काही नाही हो. फ्रिज, वॉशिंग मशीन, एक लोखंडी कपाट आणि बाकी किरकोळ." या किरकोळीत इन्व्हर्टरची बॅटरी असते, घरघंटी असते, काढून ठेवलेल्या एसीचं बाहेरचं युनिट असतं. मजला कितवा हे सांगायचं राहून जातं. लिफ्ट आहे पण सामानाला वापरू देत नाहीत, हे माणसं दारात येऊन उभी राहिल्यावर कळतं. मग घासाघीस, मग "दोन माणसं पुरे झाली की", आणि मग चौथ्या मजल्यावरून जिन्याने खाली येणारं ७० किलोंचं धूड.

पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांचा करार बहुधा ११ महिन्यांचा. मालक बरा निघाला तर वाढतो, नाही तर मुलांच्या परीक्षा आटोपल्या की बिऱ्हाड हलतं. एप्रिल-मेमध्ये कोणत्याही गल्लीत जा, छोटा हत्ती उभा दिसेल. टाटांची ही चारचाकी २००५ साली बाजारात आली. साधारण पाऊण टन माल नेते, हौदा सात फुटांच्या आसपास. दोन खोल्यांचा संसार एका खेपेत मावतो. मावला म्हणजे सुखरूप पोचला असं मात्र नाही.

आधी वजनांचं बघू, कारण तिथेच अंदाज चुकतात. पुढून दार असलेलं सात-आठ किलो कपड्यांचं मशीन स्वतः ६० ते ७० किलो भरतं. वरून झाकण असलेलं त्याच्या निम्म्याच्या आसपास. एवढा फरक कशाने? पुढच्या दाराच्या मशीनमध्ये ड्रम आडवा असतो आणि कपडे पिळताना तो मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेतो. ओले कपडे एका बाजूला गोळा झाले की तो उसळतो. त्याला दाबून धरायला आत काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात, अगदी खरंखुरं काँक्रीट. म्हणजे हप्ते भरून आपण थोडं बांधकामच घरी आणलेलं असतं. वर-खाली दारांचा फ्रिज ५०-६० किलोंचा, शेजारी-शेजारी दारांचा सहज १००. आणि ती किरकोळीतली १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी दिसते एवढीशी, पण आम्लासकट ५०-६० किलो भरते. आडवी केली तर आम्ल गळतं, उभी धरायला सोय नीट नसते, आणि नवखा पोरगा "ही काय, लहानच आहे" म्हणत एकटा वाकतो. कंबर धरते ती तिथे.

सुखरूप हलवण्याचं निम्मं काम टेम्पो यायच्या आदल्या दिवशी होतं, आणि ते हमालाचं नाही, घरच्यांचं असतं. फ्रिज रिकामा करून बंद करायचा, बर्फ वितळू द्यायचा, खालच्या ट्रेमधलं पाणी ओतून टाकायचं, काचेच्या फळ्या काढून गोधडीत गुंडाळायच्या. मशीनचा नळ बंद करून पाइप काढायचे आणि पुढच्या बाजूला खाली जे छोटं झाकण असतं ते उघडून फिल्टरमागचं पाणी परातीत काढायचं. लोक हे हमखास विसरतात. मग मशीन तिरकं झालं की लिटर-दीड लिटर साबणाचं पाणी थेट जिन्यावर. वरच्या पायरीवर सांडलेल्या पाण्यात खालच्याचाच पाय पडतो. कपाटाचंही तेच. "आत फक्त साड्याच आहेत" असं म्हणून कुलूप लावलेलं कपाट उचलायला सांगणाऱ्यांनी एकदा त्या साड्या वजनकाट्यावर ठेवून बघाव्यात.

आता बोल्ट. नवं मशीन कारखान्यातून येतं तेव्हा त्याच्या पाठीत तीन किंवा चार लांब बोल्ट असतात. आतला ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला आणि खालून धक्काशोषकांवर टेकलेला असल्याने प्रवासात तो हिंदकळू नये म्हणून हे बोल्ट त्याला जखडून ठेवतात. बसवायला आलेला मेकॅनिक ते काढतो, भोकांना प्लास्टिकच्या टोप्या लावतो आणि बोल्ट आपल्या हातात देऊन सांगतो, जपून ठेवा. आपण ते गॅलरीत ठेवतो. दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याकडे जातात. पुढे घर बदलताना जाणता मुकादम विचारतो, "ताई, मशीनचे बोल्ट कुठायत?" तेव्हा आपण त्याच्याकडे असं बघतो, जणू त्याने आपली जन्मपत्रिका मागितली.

बोल्ट नसताना मशीन नेलं तर काय होतं? कधी काहीच होत नाही. कधी ड्रम खड्ड्याखड्ड्यावर आदळत जातो, स्प्रिंग निसटते, धक्काशोषक वाकतो आणि नव्या घरात पहिल्याच धुण्याला मशीन घर दणाणून सोडतं. बोल्ट हरवले असतील तर कंपनीच्या सेवा केंद्राला मॉडेलचा क्रमांक सांगून विचारावं. ते मिळालेच नाहीत तर दार उघडून ड्रमच्या वरच्या फटीत जाड टॉवेल गच्च भरावेत. हा दुधाची तहान ताकावर भागवण्याचा प्रकार झाला, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. याच्या उलटही होतं, आणि ते जास्त महाग पडतं. बोल्ट लावून आणलेलं मशीन नव्या घरी ते न काढताच सुरू करणं. सुरू करण्याआधी काढलेले बोल्ट मोजायचे, बस.

फ्रिज आडवा न्यावा की उभा, यावर हौद्याशेजारी उभं राहून पुष्कळ वाद होतात. उभाच न्यावा. खालच्या कंप्रेसरमध्ये तेल असतं. फ्रिज आडवा झाला की ते गॅसच्या नळ्यांत शिरतं, आणि पोचल्यावर लगेच बटण दाबलं तर कंप्रेसरला तेल अपुरं पडतं. म्हणून उभा आणला तरी दोन-चार तास थांबावं, आडवा आणावाच लागला तर पुरता दिवस. दुसरी गोष्ट गॅसची. आताच्या बऱ्याच घरगुती फ्रिजांत आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. फ्रिजमागच्या पट्टीवर आर-६००ए असं छापलेलं असतं. तो थोडाच असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण मागच्या नळ्यांना धरून फ्रिज ओढू नये. दाराच्या दांड्याला धरून तर नाहीच.

यंत्रांचं एवढं पुरे. खरा धोका जिन्यात असतो. मागच्या उन्हाळ्यात समोरच्या इमारतीतून एक मोठा फ्रिज उतरत होता आणि मी वरच्या चौकात उभी राहून बघत होते. तीन माणसं फ्रिजला होती. चौथा, मुकादम, फ्रिजला हातही लावत नव्हता. त्याचं काम फक्त बोलण्याचं. "घे. तिरकं. भिंत बघ. अजून तीन. दोन. चौक. टेकव." खालच्या बाजूचा माणूस उलटा उतरत होता. तोंड फ्रिजकडे, पाठ जिन्याकडे. त्याला पायरी दिसतच नव्हती. त्याने चप्पल काढून ठेवली होती आणि प्रत्येक पायरीची कड अंगठ्याने चाचपून मगच टाच टेकवत होता. मुकादमाची मोजणी म्हणजे त्याचे डोळे. चौकात फ्रिज टेकला की तो कपाळ फ्रिजला लावून दोन श्वास घ्यायचा, मग गमछाने तळहात पुसायचा. घामाने हात घसरतात. वरून मालकीणबाई सांगत होत्या, "जपून हं, नवीनच आहे, ओरखडा नको यायला."

जिन्यावर वस्तू तिरकी झाली की वजनाचा मोठा वाटा खालच्या माणसाकडे सरकतो. वरचा तोल धरतो, भार खालचा पेलतो. वरच्याचा हात सुटला तर वरच्याला फारसं काही होत नाही. आपण फोनवर "दोन माणसं पुरे" म्हणून जो तिसरा-चौथा कापतो, त्याचं वजन या खालच्याच्या अंगावर जातं. म्हणून उंच आणि अनुभवी माणूस खाली हवा, खांद्यावरून घ्यायचा रुंद पट्टा हवा, प्रत्येक चौकात टेकवायला वेळ हवा. त्यांना घाई करणाऱ्या घरमालकाला तर मुकादमाने सरळ घरात बसवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हौद्यात सामान लावण्याचं शास्त्र टेम्पोवाल्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं, फक्त घाईत ते गुंडाळलं जातं. जड वस्तू आधी, केबिनच्या भिंतीला अगदी चिकटून. मध्ये गादी. फट राहता कामा नये, कारण ब्रेक लागला की सामान पुढेच येतं. युरोपात मालवाहतुकीसाठी एक हिशेब ठरलेला आहे. माल बांधताना पुढच्या बाजूला त्याच्या वजनाच्या ८० टक्के आणि मागे व दोन्ही अंगांना ५० टक्के रेटा गृहीत धरायचा. म्हणजे ७० किलोंचं मशीन ब्रेकसरशी ५६ किलोंच्या जोराने पुढे रेटतं. आपल्याकडे त्या मशीनला एक सुतळी आणि एक पोरगा धरून असतो. तो पोरगा हौद्यात फ्रिजला मिठी मारून बसलेला आपण रोज सिग्नलला बघतो आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. केबिनची भिंत आणि मशीन यांच्यामध्ये तर माणसाने क्षणभरही बसू नये.

नायलॉनची दोरी ताणते आणि हिसक्यांनी सैल पडते. त्यापेक्षा कप्पी फिरवून आवळायचे रुंद पट्टे बरे. ते निम्म्याहून वरच्या उंचीवर घ्यावेत, कारण उंच वस्तू घसरण्याआधी कलंडते. पहिला गतिरोधक आणि पहिले चार खड्डे गेले की गाडी बाजूला घेऊन पट्टे पुन्हा आवळावेत. एवढं केलं तरी पुष्कळ झालं. बॅटरी सर्वांत शेवटी, उभी, फाळक्याजवळ न ठेवता कोपऱ्यात अडकवून. टोकांवर रबराच्या टोप्या किंवा चिकटपट्टी. एसी मात्र आपण होऊन काढू नये. गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेऊन मग नळ्या सोडायच्या असतात, ते मेकॅनिकचं काम. आणि त्या मेकॅनिकच्या कमरेला पट्टा नसेल तर त्याला तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर उतरू देऊ नका.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली की हाताने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा प्रौढ पुरुष कामगारासाठी ५५ किलो असावी. आपल्या राज्यात माथाडी कायदा १९६९ चा. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत उभी राहिली. पोत्याचं वजन ५० किलोंवर यावं म्हणून बाजार समित्यांच्या आवारांत हमाल वर्षानुवर्षं भांडले. धान्याच्या पोत्याला मर्यादा आली. वॉशिंग मशीनला ती कोण घालणार? घरसामान हलवायला येणाऱ्या मुलांना मी विचारते तेव्हा माथाडी मंडळात नोंद असलेला मला अजून कुणी भेटलेला नाही. नाक्यावरून येतात, दिवसाचे पैसे घेतात, पाठ धरली की गावी जातात.

त्यांच्यासाठी कायदा करणं आपल्या हातात नाही. लिफ्ट मात्र आहे. कित्येक सोसायट्यांत पाटी असते, "लिफ्टमधून सामान नेण्यास सक्त मनाई". कारण काय, तर लिफ्ट बिघडेल. आपल्याकडे लिफ्टमध्ये एक माणूस ६८ किलोंचा धरतात. सहा माणसांच्या लिफ्टची पाटी वाचा, ४०८ किलो लिहिलेलं असतं. मशीन आणि सोबत दोन हमाल मिळून अडीचशे किलोही होत नाहीत. ओरखड्यांची भीती असेल तर आतून गोणपाट किंवा जुन्या चटया लावा, अनामत घ्या, सकाळी अकरा ते चार अशी वेळ ठरवा, वॉचमनला समोर उभा करा. ज्या लिफ्टमधून सहा सभासद जाऊ शकतात, तिथून एक मशीन न जाऊ देण्याला काही अर्थ नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घाला आणि ती पाटी उतरवा.