तोल जहाजाचा, ओझे किनाऱ्याचे

टेमघरच्या जलशुद्धीकरण केंद्रात उल्हास नदीचे पाणी गाळून, निर्जंतुक करून मगच ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरकडे सोडले जाते. त्याचा खर्च नागरिक पाणीपट्टीतून भरतात. दुसऱ्याच्या वाट्याला जाणारे पाणी शुद्ध करूनच सोडावे, हा त्यामागचा साधा नियम. जगभरची बंदरे हिंडणाऱ्या जहाजांना हाच नियम बंधनकारक व्हायला मात्र २०१७ साल उजाडावे लागले.

रिकामे जहाज भर समुद्रात तोल सांभाळू शकत नाही. म्हणून ते एका बंदरातले पाणी पोटातील टाक्यांत भरून घेते आणि माल चढवायच्या बंदरात ओतून देते. हेच बॅलास्टचे पाणी. त्याबरोबर परक्या समुद्रातील सूक्ष्म जीव, शिंपल्यांच्या अळ्या आणि रोगजंतूही येतात. पाणी ओतले जाते ते माल देणाऱ्याच्या दारात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. गोव्याचे लोहखनिज नेण्यासाठी मुरगावला आलेली रिकामी जहाजे असेच पाणी सोडून भरली गेली. नफा जहाजमालकाचा आणि व्यापाऱ्याचा. जोखीम किनाऱ्यावरच्या कोळ्याची!

ही जोखीम काल्पनिक नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एक जेलीसारखा प्राणी याच मार्गाने काळ्या समुद्रात शिरला. अतिमासेमारीने आधीच खचलेला, मांदेलीच्या जातकुळीतील मासळीचा तेथील धंदा त्या दशकाच्या अखेरीस कोसळला. आपल्याकडे चेन्नईजवळ एन्नोरच्या खाडीचा तळ दक्षिण अमेरिकेतील शिंपल्याने व्यापला, कोळंबीवर जगणारी कुटुंबे हवालदिल झाली आणि प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला.

२००४ चा आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ रोजी अमलात आला. ८ सप्टेंबर २०२४ पासून त्याखालील जहाजांना कठोर कसोटी लागू झाली: सोडलेल्या एक घनमीटर पाण्यात ५० मायक्रॉन वा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी हवेत. त्यासाठी जहाजांवर गाळण्या आणि अतिनील किरणांची वा क्लोरीनची यंत्रे बसली. पाणी कोठे घेतले, किती घेतले, यंत्र चालू होते की बंद, याची नोंद आता संगणक आपोआप ठेवू शकतो.

या यंत्राचे आम्ही स्वागतच करतो. पण यंत्र मालकाचे, नोंद मालकाची, ध्वज पनामाचा वा लायबेरियाचा. मग ती नोंद वाचणार कोण? जी नोंद किनाऱ्यावरच्या माणसाला पाहता येत नाही, तिने त्याचे रक्षण कसे होणार? शिवाय गढूळ बंदरात गाळण्या तुंबतात. अशा वेळी जहाज थांबवण्याचा तोटा मालक सोसणार, की खलाशावर दडपण आणून नोंद सावरली जाणार?

आपल्याकडे शास्त्रज्ञ मागे राहिले नाहीत. २००० साली सुरू झालेल्या जागतिक कार्यक्रमातील सहा प्रायोगिक बंदरांत मुंबई होती आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने येथील जीवसृष्टीची पाहणी केली. मागे राहिले ते राज्यकर्ते. करारात सामील होण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१५ साली संमती दिली. नवा व्यापारी नौवहन कायदा संसदेत संमत व्हायला २०२५ साल लागले. त्याच काळात वाढवणच्या ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या बंदराची पायाभरणी मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये उरकली गेली.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक जहाजाची बॅलास्टची नोंद बंदरात पोहोचताच जाहीर व्हावी. पाण्याचे नमुने सरकारी प्रयोगशाळेने तपासावेत आणि त्याचा खर्च जहाजमालकाने द्यावा. मच्छीमार सहकारी संस्थांना ही माहिती मागण्याचा व तक्रार नोंदवण्याचा कायदेशीर हक्क असावा. वाढवणला पहिले जहाज लागण्यापूर्वी तेथील समुद्राची जीवनोंद पूर्ण करून लोकांसमोर ठेवावी. पालघर-ठाण्यातील कार्यकर्त्यांनी कोळीवाड्यांतून हा प्रश्न समजावून सांगितला पाहिजे. परका जीव एकदा रुजला की त्याला कोणताही कायदा परत पाठवू शकत नाही.