त्रिकोणाचे तीन कोन

गेल्या महिन्यात एके सायंकाळी आमची बारा वर्षांची पुतणी भूमितीची वही घेऊन आमच्यापाशी आली आणि म्हणाली, "काका, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८०° च का? १७९° का नाही?" आम्ही काही लिहिण्यात गुंतलो होतो. "पुस्तकात तसे दिले आहे, पाठ कर," असे उत्तर देऊन आम्ही मोकळे झालो. पोर मुकाट्याने निघून गेली; परंतु आमचे ते उत्तर रात्रभर आम्हांसच बोचत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिला जवळ बसवून आम्ही कागदाचा एक वेडावाकडा त्रिकोण कापला, त्याचे तिन्ही कोपरे फाडले आणि टोकास टोक भिडवून शेजारी शेजारी मांडले. खालची कड सरळ रेषेत आली. सरळ रेषेवरील कोन म्हणजे दोन काटकोन, हे तिला ठाऊक होतेच. तिला आनंद झाला, पण लगेच म्हणाली, "हा या एका त्रिकोणाचा दाखला झाला. सगळ्यांचे काय?"

भूमितीचा खरा आरंभ याच शंकेत आहे. मोजणे निराळे आणि सिद्ध करणे निराळे. मग आम्ही वहीत एक त्रिकोण काढून त्याच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा ओढली. पायाचा डावा कोन आणि वर डाव्या अंगास झालेला कोन हे व्युत्क्रम कोन, म्हणून समान. उजवीकडेही तोच न्याय. मधला कोन तर त्रिकोणाचाच. तिन्ही कोन एका रेषेवर येऊन बसले! त्रिकोण लहान असो की मोठा, युक्तिवाद बदलत नाही.

मात्र ह्या साऱ्याचा भार त्या एका समांतर रेषेवर आहे. रेषेबाहेरील बिंदूतून तिला समांतर अशी एकच रेषा जाते, हे आपण गृहीत धरतो. युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ह्याच अर्थाचे आपले पाचवे गृहीतक मांडले, आणि ते इतर गृहीतकांवरून सिद्ध करण्याच्या खटपटीत गणितज्ञांची दोन हजार वर्षे गेली. हंगेरीतील फार्कश बोयाई हे त्यांपैकीच एक. आपला पुत्र यानोश त्याच वाटेने निघालेला पाहून त्यांनी १८२० साली त्याला पत्र लिहून, समांतर रेषांच्या नादी लागू नकोस, अशी कळवळून विनवणी केली.

पुत्राने ऐकले नाही. अशा समांतर रेषा एकाहून अधिक असतील तर काय होईल, असा उलट विचार त्याने केला आणि एक नवीच भूमिती उभी राहिली. तीत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी भरते. रशियातील लोबाचेव्हस्की यांनीही स्वतंत्रपणे हाच विचार १८२९ पासून प्रसिद्ध केला होता. म्हणजे "१७९° का नाही?" हा आमच्या पुतणीचा प्रश्न मुळीच वेडगळ नव्हता!

उलट प्रकार पाहावयाचा असल्यास घरातील पृथ्वीचा गोल घ्यावा. ध्रुवापासून काटकोनात निघालेली दोन रेखावृत्ते विषुववृत्तालाही काटकोनातच मिळतात. त्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज २७०° होते. दोन काटकोनांचा नियम सपाट कागदाचा आहे, हे मुलांना तेथे डोळ्यांनी दिसते.

यानोशचा तो शोध १८३२ साली प्रसिद्ध झाला, आणि तोही पित्याच्याच ग्रंथाला जोडलेले परिशिष्ट म्हणून! ज्या पित्याने त्या वाटेला जाऊ नको म्हटले, त्यानेच पुढे आपल्या ग्रंथात पुत्राला जागा दिली. त्या पित्याला निदान पोळलेल्या अनुभवाचे कारण होते. आम्हांस केवळ कंटाळ्याचे होते. मुलांच्या प्रत्येक 'का'चे उत्तर आपणांस येईलच असे नाही. परंतु त्यासाठी हातातली लेखणी क्षणभर खाली ठेवणे आपल्याला खचित जमण्यासारखे आहे.