"वजन कमी करा" हा सल्ला अर्धाच आहे

शेंद्रा एमआयडीसीत पहिली शिफ्ट सुटली की बसकडे जाणाऱ्या माणसांची चाल जरा पाहा. कोणी टाच न टेकवता चालतो, कोणी बसमध्ये बसल्याबरोबर सेफ्टी शूजच्या नाड्या सोडतो. आठ तास उभं राहिल्यावर पाय दुखणारच, असं म्हणून आपण ते सोडून देतो. अगदीच असह्य झालं तर डॉक्टरकडे जातो. तिथे आपल्या पोटाकडे एक नजर टाकली जाते आणि सल्ला मिळतो, "वजन कमी करा."

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. या अर्ध्या सल्ल्याने रुग्णाचं नुकसान होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते समजून घेऊ.

कमान कशावर उभी असते?

प्रत्येक पावलात २६ हाडं असतात आणि आतल्या बाजूने ती कमानीसारखी रचलेली असतात. आपल्या शहरातल्या भडकल दरवाजाची कमान आठवा. मलिक अंबरच्या काळातली ती कमान दगडाला दगड रेटून स्थिर उभी आहे. पायाची कमान मात्र जिवंत आहे. भार आला की ती थोडी खाली बसते, भार उतरला की पुन्हा वर येते.

तिला तीन गोष्टी धरून ठेवतात. एक, हाडांना हाडं बांधणारे अस्थिबंध. दोन, टाचेपासून बोटांपर्यंत धनुष्याच्या दोरीसारखा ताणलेला जाड पट्टा, ज्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. तीन, पोटरीतून निघून आतल्या घोट्यामागून कमानीपर्यंत येणारा टेंडन. हा टेंडन कमानीला वरून ओढून धरतो.

वजन काय करतं?

साधा हिशोब करा. तुमचं वजन ७० चं ९० किलो झालं. चालताना प्रत्येक पावलाला निदान ते २० किलो जास्तीचे पायावर येतात. दिवसाला ५,००० पावलं चाललात तर एका पायाची झाली २,५००. म्हणजे एका पायाने दिवसभरात जास्तीचा ५०,००० किलो, म्हणजेच ५० टन भार पेलला. तोही थोडा थोडा, रोज.

त्यामुळे वजन जास्त असलेल्या प्रौढांमध्ये कमान सरासरीने जास्त बसलेली आणि तळव्यावरचा दाब वाढलेला आढळतो. टाचदुखीचं प्रमाणही त्यांच्यात जास्त असतं. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते, ती बहुधा याच ताणलेल्या पट्ट्याची.

पण इथे दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, ओल्या पायाचा फरशीवर पूर्ण ठसा उमटला म्हणजे कमान गेलीच असं नाही. वजन जास्त असेल तर तळव्याखाली चरबीचा थरही जाड असू शकतो. ठसा सपाट दिसतो, पण हाडं जागेवर असतात. खरं चित्र उभं राहून काढलेल्या एक्स-रेत दिसतं. झोपवून काढलेल्या एक्स-रेत भारच नसतो, त्यामुळे तो फसवू शकतो.

दुसरी, सपाट पाय फक्त जाड माणसाचे नसतात. सैन्यभरतीत सपाट पायामुळे बाद झालेली सडपातळ, धावणारी मुलं तुम्हीही पाहिली असतील. अनेकांचे पाय जन्मापासून तसेच असतात आणि आयुष्यभर दुखत नाहीत. न दुखणाऱ्या सपाट पायाला उपचार लागत नाही.

मग काळजी कधी करायची?

चाळिशीनंतर एकच पाय नव्याने सपाट होऊ लागला, आतल्या घोट्यामागे सूज किंवा दुखणं असेल, चपलेची आतली कड लवकर झिजत असेल, तर कमान ओढून धरणारा तो टेंडन थकतो आहे असं समजा. वजन, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांना हा धोका जास्त, आणि त्यातही स्त्रियांना.

घरी एक चाचणी करा. भिंतीला हात टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच वर उचला. चांगल्या पायावर जमतं पण दुखऱ्या पायावर जमत नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला आधार देणारा इनसोल, पट्टा आणि व्यायाम यांवर बऱ्याचदा भागतं. उशीर झाला की पाऊल ताठर होतं आणि ऑपरेशनपर्यंत वेळ येऊ शकते. अशा माणसाला नुसतं "वजन कमी करा" म्हणून घरी पाठवणं म्हणजे हातातली वेळ घालवणं.

मधुमेह असलेल्यांसाठी वेगळी सूचना. पाऊल अचानक सुजलं, लाल आणि गरम झालं, तर दुखत नसलं तरी त्यावर भार देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. संवेदना कमी झालेल्या पायातली हाडं कळ न येताही खचू शकतात.

आधी पाय, मग वजन

वजन उतरवायला चाला म्हणतात, आणि चाललं की पाय दुखतो. पाय दुखला की चालणं बंद, वजन आणखी वर. हे चक्र तोडायचं तर सुरुवात पायापासून करावी लागेल. आधी योग्य मापाचे, टाच घट्ट धरणारे बूट आणि गरज असेल तर इनसोल. रोज भिंतीला टेकून पोटरी ताणणं. जमेल तसं टाचा उचलणं आणि बोटं न मुडपता तळवा आखडून कमान उचलून धरणं. दुखणं कमी होईपर्यंत चालण्याऐवजी सायकल किंवा बसून करायचे व्यायाम. याच काळात ताटातला भात, तळलेलं आणि शिफ्टमधले गोड चहा कमी करा, कारण वजन उतरवण्यात चालण्यापेक्षा ताटाचा वाटा मोठा असतो. आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात आणि २५ पासून लठ्ठपणा. उंची १६५ सेंटीमीटर असेल तर ६८ किलोला तुम्ही २५ वर पोहोचता.

वजन उतरलं की दाब आणि दुखणं कमी होतं. मात्र सैल पडलेले अस्थिबंध आपोआप पूर्वीसारखे घट्ट होत नाहीत. म्हणून कमान पूर्ण बसण्याआधीच जागं व्हायला हवं.

कंपन्यांनाही एक विनंती. सेफ्टी शूज देताना फक्त नंबर विचारू नका, पायाची रुंदीही पाहा. उभ्याच्या कामाजागी रबरी मॅट टाका आणि मधूनमधून बसू द्या. कामगाराचा पाय बसला तर त्याचं घर बसतं.

आणि तुम्ही, पुढच्या वेळी कोणी "वजन कमी करा" म्हणालं, तर मान डोलवा. पण बूट-मोजे काढून म्हणा, "डॉक्टर, आधी माझा पाय पाहा."