प्रश्न विचारण्याची लाज कशाला?

आपल्या वर्गांत सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता? "सर, हे परीक्षेत येणार आहे का?" हा! वास्तविक यवतमाळ जिल्ह्यात प्रश्नांना तोटा नाही. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा का पडतात? मे महिन्यात खोली गार करणारा कूलर जुलैत का निरुपयोगी ठरतो? असे प्रश्न घरोघरी निघतात. वर्गात मात्र ते ओठांतच राहतात. कारण एकच, हसे होण्याची भीती.

पूर्व आफ्रिकेतील टांगानिकात (आजचा टांझानिया) १९६३ साली एरास्टो म्पेम्बा या शाळकरी मुलाला आइस्क्रीम करताना दिसले की, गरम दुधाचे मिश्रण थंड मिश्रणाच्या आधी गोठले. शिक्षकांनी त्याला वेड्यात काढले, मुले हसली. पुढे डेनिस ऑसबोर्न हे भौतिकीचे प्राध्यापक त्याच्या शाळेत आले, तेव्हा त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. ऑसबोर्न यांनी तो हसण्यावारी न नेता प्रयोग करून पाहिले, आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने लेख प्रसिद्ध झाला. असे खरोखर घडते काय, घडत असल्यास का, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. एका मुलाच्या प्रश्नाने तज्ज्ञांना एवढी वर्षे कामाला लावले आहे!

आपल्याकडेही प्रश्नाचा मान राखणारे होते. विद्यार्थी स्वाक्षरी मागू लागले की डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) त्यांना पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवायला सांगत. उत्तर येई, आणि त्याखाली सही असे.

परंतु प्रश्न नीट मांडणे हेही काम आहे. "कूलर का चालत नाही?" हा अर्धाच प्रश्न झाला. दोन थर्मामीटर घ्या, एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा, वारा घाला आणि दोन्हींची नोंद करा. हवा ४२ अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला थर्मामीटर सुमारे २४ अंश दाखवतो. पावसाळ्यात ३० अंश व ८५ टक्के असता तो २८ च्या आसपास राहतो. बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त किती गार होऊ शकेल, हे या फरकावरून कळते: मे महिन्यात १८ अंश, जुलैत जेमतेम २. आता विचारा, "हवेत आधीच बाष्प असले की पाणी कमी का उडते?" हा प्रश्न तुमचा स्वतःचा आहे. मोबाईलवर उत्तर क्षणात मिळेलही, पण तुमच्या खोलीतली नोंद तुम्हालाच घ्यावी लागेल.

शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती. पंधरवड्यातून एक तास केवळ मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवावा. नाव न घालता चिठ्ठी टाकण्याची सोय असावी, म्हणजे लाजाळू मुलेही लिहितील. उत्तर ठाऊक नसेल तर "मला माहीत नाही, आपण मिळून शोधू" असे मोकळेपणाने सांगावे. त्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही. अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती खरी आहे. पण पाठ केलेली व्याख्या परीक्षेनंतर विसरली जाते, स्वतः विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सहसा विसरत नाही.