डायलिसिस कक्षातील संसर्ग आणि कंत्राटी आरोग्यसेवा

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला जगायचे असेल, तर आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास आपले रक्त यंत्राच्या स्वाधीन करावे लागते. देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नवे रुग्ण या अवस्थेला पोहोचतात आणि त्यांच्यासाठी वर्षाला ३.४ कोटी जादा डायलिसिसची गरज निर्माण होते, असा सरकारचाच अंदाज आहे. २०१६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत हा उपचार मोफत देण्याचे ठरवले. हे पाऊल स्वागतार्हच होय. परंतु ज्या खाटेवर रुग्ण जीव वाचवण्यासाठी येतो, त्याच खाटेवर त्याला हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्ही यांची लागण होण्याचा धोका असतो. हा धोका टाळायचा कोणी आणि कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न मात्र मागेच राहिला आहे.

लागण होते कशी? हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. यंत्राच्या कळीवर, चिमट्यावर, खुर्चीच्या हातावर पडलेला डोळ्यांना न दिसणारा थेंबही पुरेसा असतो. एका रुग्णाची सुई काढून त्याच हातमोज्यांनी दुसऱ्याला हात लावणे, हेपारिनची एकच कुपी अनेकांसाठी वापरणे, दोन पाळ्यांच्या मध्ये खाट व यंत्र न पुसणे, या साध्या वाटणाऱ्या चुकांतून विषाणू एका शरीरातून दुसऱ्यात जातो. शिवाय या रुग्णांची प्रतिकारशक्ती क्षीण असल्याने लागण झाली तरी बहुधा कावीळ दिसत नाही. नियमित रक्ततपासणी झाली नाही, तर रोग महिनोन्‌महिने लपून राहतो आणि पसरतो.

हे संकट अटळ आहे काय? इतिहास तसे सांगत नाही. अमेरिकेत १९७४ साली डायलिसिसच्या रुग्णांत हिपॅटायटिस बीची नव्याने लागण होण्याचे वार्षिक प्रमाण ६.२ टक्क्यांवर गेले होते. १९७७ साली तेथील रोगनियंत्रण केंद्राने नियम घालून दिले: सर्वांची ठराविक काळाने रक्ततपासणी, बाधितांसाठी वेगळी जागा व वेगळे यंत्र, पृष्ठभागांची काटेकोर स्वच्छता. १९८० पर्यंत हे प्रमाण १ टक्क्यावर आले. त्या वेळी लस बाजारात आलेलीही नव्हती! माणसांच्या शिस्तबद्ध श्रमानेच हे घडवले होते.

आज तर साधने कितीतरी अधिक आहेत. हिपॅटायटिस बीची लस आहे. डायलिसिसच्या रुग्णांना ती दुप्पट मात्रेने, सहा महिन्यांत चार वेळा द्यावी लागते आणि डायलिसिस सुरू होण्यापूर्वी दिल्यास अधिक लागू पडते. हिपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा होतो. २०१३ साली अमेरिकेत सोफोस्बुविरच्या बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४,००० डॉलर ठेवण्यात आली होती. आज तेच औषध भारतीय कारखान्यांत त्या किमतीच्या अत्यल्प अंशात तयार होते. २०१८ पासून राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत देण्याची तरतूदही आहे.

मग उणीव कशाची? राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची आखणीच खाजगी भागीदारीची आहे. जागा, वीज व पाणी सरकारचे. यंत्रे, साहित्य व मनुष्यबळ कंत्राटदाराचे. आणि मोबदला प्रत्येक डायलिसिसमागे. अशा हिशेबात जितक्या खेपा अधिक तितका नफा अधिक. यंत्राची किंमत कमी करता येत नाही. काटकसर होऊ शकते ती हातमोज्यांत, सफाईच्या वेळेत आणि नोकरांच्या संख्येत. ज्या तंत्रज्ञाला पुढच्या महिन्याच्या नोकरीची शाश्वती नाही, त्याने कुपी अपुऱ्या असल्याची तक्रार करावी तरी कोणाच्या भरवशावर? सुई टोचण्याचा धोका त्यालाही आहेच. लागण उघडकीस आली की निलंबित होतो तो किंवा परिचारिका. कंत्राटाच्या अटी अभंग राहतात.

खाजगी भागीदार नसता तर जिल्ह्याच्या गावी यंत्रे पोहोचलीच नसती, असे या व्यवस्थेचे समर्थक म्हणतात. सार्वजनिक आरोग्यावरील खर्च वर्षानुवर्षे अपुरा ठेवायचा आणि मग त्या अपुरेपणाचाच पुरावा पुढे करायचा, असा हा युक्तिवाद आहे. क्षणभर तो मान्य केला, तरी कंत्राटदारावर देखरेख ठेवण्याच्या जबाबदारीतून सरकार सुटत नाही. आरोग्यसंस्थांच्या नोंदणीचा २०१० चा केंद्रीय कायदा सर्व राज्यांनी अद्याप स्वीकारलेला नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक केंद्रातील नव्या लागणींची संख्या, रुग्णांची नावे गुप्त ठेवून, दर तिमाहीस जाहीर झाली पाहिजे. प्रत्येक रुग्णाला व कर्मचाऱ्याला लस आणि नियमित तपासणी हक्काने मिळाली पाहिजे. केंद्रात बाधित झालेल्याचा संपूर्ण उपचार केंद्र चालवणाऱ्याच्या खर्चाने व्हावा. रुग्णसंख्येच्या प्रमाणात प्रशिक्षित, कायम नोकरीतील तंत्रज्ञ व परिचारिका नेमल्या जाव्यात. रुग्णालय कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि रुग्णांचे नातेवाईक यांचे हित या प्रश्नावर एकच आहे. त्यांनी एकत्र येऊन या मागण्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या दारी लावून धरणे, हेच आजचे तातडीचे कार्य होय.