सही आहे, पण कोणाची?

संस्थेची वेबसाइट झाली, डोमेन घेतले, संस्थेच्या नावाने ई-मेल सुरू झाले. पदाधिकारी खूश. ‘मेलवर सही लावली का?’ असे विचारले की उत्तर ठरलेले: ‘ते टेक्निकल आहे, वेबसाइटवाला मुलगा बघेल.’ मला हे उत्तर मान्य नाही. देणगीच्या पावतीवर सही कोणी करायची, हे आपण छापखान्यावर सोडतो का? (तो मुलगा एव्हाना दुबईला गेलेला असतो, डोमेनचा पासवर्ड त्याच्याच फोनमध्ये.)

ई-मेलची मूळ पद्धत १९८२ ची. पाठवणाऱ्याच्या जागी कोणीही कोणाचेही नाव लिहावे, अडवणारे कोणी नाही. म्हणून २००७ मध्ये डीकेआयएम आले. सर्व्हर खासगी चावीने पत्रावर सही करतो. ती पडताळायची सार्वजनिक चावी डोमेनच्या डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद म्हणून उघड ठेवलेली असते. ही नोंद कोणालाही पाहता येते. तिच्यात ‘पी=’ पुढे काहीच नसेल तर चावी रद्द झाली आहे. चावी लहान असेल तर ती शोभेची: २०१२ मध्ये एका अमेरिकन गणितज्ञाने खुद्द गूगलची ५१२ बिटांची चावी फोडून दाखवली. २०४८ बिटांचीच लावा.

खरी पळवाट पुढे आहे. डीकेआयएम आणि एसपीएफ, दोन्हींपैकी एकही जुळले नाही तर त्या पत्राचे काय करायचे, हे डीमार्कची नोंद सांगते. तिथे ‘पी=नन’ लिहून लोक मोकळे होतात. म्हणजे खोटे पत्र आले तरी अडवू नका! सुरुवातीचे काही आठवडे हे ठीक. आपलीच खरी पत्रे अडकत नाहीत ना, ते अहवालांतून कळते. वर्षानुवर्षे तेच ठेवणे म्हणजे पहारेकरी नेमून त्याला झोपायला सांगणे. २०२४ मध्ये गूगल-याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचे केले, पण ‘नन’ चालवून घेतले. झाले, सगळे तिथेच थांबले.

आणि ‘डीकेआयएम पास’चे स्क्रीनशॉट फिरवणाऱ्या मित्रांनो, पास म्हणजे मजकूर खरा नव्हे. ठगालाही स्वतःचे डोमेन घेऊन रीतसर सही करता येते. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडा, सहीतील ‘डी=’ पुढचे डोमेन ‘फ्रॉम’शी जुळते का पाहा. मग पुढच्या सभेत सचिवांना विचारा: आपली नोंद ‘नन’ आहे की ‘रिजेक्ट’, आणि अहवाल कोणाच्या मेलवर येतात?